खेळाडू मोडतो कशाने?

२०२५ च्या एप्रिल ते जून या काळात अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या तीन बड्या खेळाडूंची टाचेमागची जाड शीर, डॉक्टरांच्या भाषेत अकिलीस टेंडन, तुटली. २७ एप्रिलला मिलवॉकीचा डेमियन लिलार्ड, १२ मेला बोस्टनचा जेसन टेटम आणि २२ जूनला, अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात, इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन. तिघांपैकी एकालाही कोणी धक्का दिला नव्हता की पाडले नव्हते. पाऊल टाकले आणि शीर गेली. तिघांच्याही जर्सीवर शून्य हाच क्रमांक होता, त्यामुळे शकुन-अपशकुन मानणाऱ्यांची आयती सोय झाली. बाकीच्यांनी बोट दाखवले ते ट्रेनरकडे. हल्ली वजने फार उचलायला लावतात, असे एक गट म्हणाला. विश्रांतीच्या नावाखाली खेळाडूंना नाजूक करून ठेवले आहे, असे दुसरा म्हणाला. कोबी ब्रायंटची शीर २०१३ मध्ये आणि केव्हिन ड्युरंटची २०१९ मध्ये अशीच तुटली, तेव्हाही हाच वाद झाला होता.

अमरावती-अकोल्यात व्यावसायिक बास्केटबॉल नाही. जो आहे तो शाळा-महाविद्यालयांच्या सिमेंटच्या कोर्टवर, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांपुरता. पण ‘सरावानंच पोराचा पाय गेला’ हे वाक्य वऱ्हाडात कोणालाही नवे नाही. ते वेगवान गोलंदाजाचा बाप म्हणतो, कबड्डी खेळणाऱ्या मुलीची आई म्हणते आणि पोलिस भरतीसाठी पहाटे चारला उठून धावणाऱ्या मुलाचा रूम पार्टनरही म्हणतो. एनबीएच्या संघाकडे डॉक्टर, फिजिओ आणि कॅमेऱ्यांचा फौजफाटा असतो. इकडे एक क्रीडाशिक्षक असतो आणि त्याच्याकडे दीडशे मुले. तरीही दोन्हीकडचा प्रश्न एकच आहे आणि त्याचे उत्तरही बऱ्याच अंशी एकच निघते.

सरावाच्या पद्धतीचा विचार या भागाला परका नाही. अंबादासपंत वैद्यांचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अमरावतीत १९१४ साली सुरू झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. पुढे मंडळाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघाले आणि तिथून बाहेर पडलेले क्रीडाशिक्षक राज्यभर पसरले. पदवीची पुस्तके येण्याआधी तालमीतल्या वस्तादालाही एक गोष्ट पक्की ठाऊक होती: नव्या पोराच्या जोर-बैठका रोज चार-दोननेच वाढवायच्या. महिनाभर गैरहजर राहून परतलेल्याला पहिल्या दिवशी निम्म्यावर आणायचे. आज ज्याला ‘लोड मॅनेजमेंट’ म्हणतात त्याचा गाभा हाच आहे. फरक इतकाच, की वस्तादाच्या हाताखालचे पोर फक्त त्याच्याच हाताखाली असे.

आजच्या पोराला मालक अनेक. यासाठी अकोल्याचेच उदाहरण पाहावे.

विदर्भाने २०१७-१८ च्या हंगामात पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. इंदूरला २९ डिसेंबर २०१७ ला सुरू झालेल्या अंतिम सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरे या वेगवान गोलंदाजाने प्रथम श्रेणी पदार्पण केले. त्यानंतर काही आठवड्यांतच न्यूझीलंडमध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक सुरू असताना भारताचा वेगवान गोलंदाज ईशान पोरेल जखमी झाला आणि खबरदारी म्हणून ठाकरेला तिकडे बोलावण्यात आले. त्या संघाच्या वेगवान माऱ्याकडे तेव्हा सारा देश कौतुकाने पाहत होता. त्यातल्या कमलेश नागरकोटी आणि शिवम मावी यांच्यावर आयपीएलच्या लिलावात कोट्यवधींच्या बोली लागल्या. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या आयपीएलमधून, हे दोघेही पाठीच्या दुखापतीमुळे बाहेर होते. नागरकोटी तर पायाच्या दुखापतीने २०१८ च्या हंगामालाही मुकला होता. एका विश्वचषकात चमकलेली वेगवान फळी वर्षभरात दवाखान्याच्या दारात उभी राहते, तेव्हा नशिबाला बोल लावून भागत नाही. पण म्हणून लगेच प्रशिक्षकालाही लावता येत नाही. या मुलांनी त्या दीड वर्षात राज्याचा संघ, १९ वर्षांखालचा भारत, राष्ट्रीय अकादमी आणि आयपीएलची फ्रँचाइझी असे किती उंबरे ओलांडले ते मोजले, तर दोष एका माणसाच्या नावावर घालणे कठीण होते.

वेगवान गोलंदाजाच्या पाठीत नेमके घडते काय? पुढचा पाय क्रीजवर आदळतो तेव्हा जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहूनही जास्त जोर उलट येतो. त्याच क्षणी कंबर बाजूला वाकते, मागे झुकते आणि वळते. हा सगळा भार कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या एका अरुंद हाडावर येतो, आणि उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या बाबतीत तो बहुधा डाव्या बाजूला येतो. हाड एका चेंडूने मोडत नाही. रोज त्यात बारीक इजा होत राहते आणि शरीर ती रोज भरून काढत राहते. भरून काढण्याची ही पद्धतच अडचणीची आहे. शरीर आधी खराब हाड खरवडून काढते आणि मग नवे घालते. मधल्या काही आठवड्यांत ती जागा आधीपेक्षा कमजोर असते. नेमक्या याच काळात सराव दुप्पट झाला तर चीर पडते. विशीच्या आतल्या मुलांच्या कमरेचे हाड अजून पुरते पिकलेले नसते, त्यामुळे मार सगळ्यात जास्त तेच खातात.

पद्धतीचा दोष इथे खरोखर सापडतो, पण तो गोलंदाजीच्या शैलीत. पश्चिम ऑस्ट्रेलियात ब्रूस एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे तरुण गोलंदाजांचे चित्रीकरण केले. खांदे एका दिशेला आणि कंबर दुसऱ्या दिशेला ठेवून टाकणाऱ्या ‘मिश्र’ शैलीत पाठीचा धोका जास्त असतो, हे त्यांच्या कामातून पुढे आले. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली याची पाठ १९७३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात मोडली. फ्रँक पाइक या व्यायामतज्ज्ञाच्या देखरेखीखाली त्याने शरीर नव्याने घडवले, शैलीत बदल केले आणि सुमारे पावणेदोन वर्षांनी तो कसोटीत परतला. म्हणजे चुकीच्या सरावाने मोडलेला माणूस योग्य सरावाने उभा राहिला. सगळा दोष सरावाच्या माथी मारणाऱ्यांनी लिलीची गोष्ट आठवावी.

ऑस्ट्रेलियाच्याच पॅट कमिन्सचीही आठवावी. त्याने १८ व्या वर्षी, २०११ मध्ये, जोहान्सबर्गला कसोटी पदार्पण केले. दुसरी कसोटी खेळायला त्याला २०१७ चा मार्च उजाडावा लागला, आणि तीही आपल्या रांचीत. मधली पाच-सव्वापाच वर्षे बहुतांश पाठीच्या दुखण्यात गेली. जगातली सगळ्यात सुसज्ज यंत्रणा हाताशी असूनही हाड पिकायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागलाच.

विदर्भाचा सगळ्यात मोठा वेगवान गोलंदाज उमेश यादव याने या वादात गमतीदार भर घातली आहे. नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाण वसाहतीत वाढलेला हा मुलगा पोलिस भरतीसाठी धडपडत होता. ती हुकली. तोवर तो टेनिस चेंडूनेच खेळत होता, लेदरचा चेंडू त्याच्या हातात फार उशिरा आला. २००८ मध्ये रणजी पदार्पण झाले तेव्हा तो २१ वर्षांचा होता. त्यावरून काही जाणकार असा तर्क मांडतात, की कोवळ्या वयात अकादमीत शेकडो षटके न टाकल्यानेच त्याचे शरीर इतकी वर्षे टिकले. तर्कात तथ्य आहे. ५७ कसोटी ही वेगवान गोलंदाजासाठी भारतात लहान संख्या नाही. पण त्यालाही पाठीने सोडले नाही. २०१२ च्या अखेरीस इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत पहिल्या कसोटीनंतर तो पाठीमुळेच बाहेर गेला. उशिरा सुरुवात केल्याने हाड पिकलेले मिळते, कामाचा अचानक पडलेला बोजा मात्र तेही सोसत नाही.

या ‘अचानक’वरच सगळी मेख आहे. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन ऑर्चर्ड यांनी प्रथम श्रेणीच्या गोलंदाजांच्या नोंदी तपासल्या. एका सामन्यात ५० पेक्षा जास्त षटके टाकणाऱ्यांना पुढच्या तीनेक आठवड्यांत दुखापतीचा धोका वाढलेला दिसला. सामना संपल्यावर लगेच काही होत नाही, गडी हसतखेळत असतो. पंधरा-वीस दिवसांनी एखाद्या साध्या नेट सरावात पाठ धरते. मग शिव्या खातो तो त्या दिवशी नेटमध्ये उभा असलेला प्रशिक्षक. चूक झालेली असते दोन-तीन आठवड्यांपूर्वी, बहुतेकदा दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच संघाच्या टोपीत.

टिम गॅबेट या संशोधकाने २०१६ मध्ये हाच विचार एका गुणोत्तरात बसवला: या आठवड्याचा भार भागिले गेल्या चार आठवड्यांची सरासरी. आकडा दीडच्या पुढे गेला की धोका. जगभरच्या क्लबांनी हा मंत्र उचलला, ॲप निघाली, घड्याळे निघाली. काही वर्षांतच फ्रँको इम्पेलिझेरी आदींनी या गणिताच्या चिंधड्या केल्या. गुणोत्तराने दुखापतीचे भाकीत करता येत नाही, त्यामागचे संख्याशास्त्र कच्चे आहे, असे त्यांनी दाखवले. टीका रास्त होती. पण गॅबेटच्या मांडणीतला दुसरा, जास्त मोलाचा भाग त्या धुरळ्यात हरवला. जे खेळाडू वर्षभर सातत्याने भरपूर काम करतात ते कमी काम करणाऱ्यांपेक्षा कमी मोडतात, असे त्याने म्हटले होते. जास्त सराव विष नाही. कमी सरावावरून एकदम जास्त सरावावर मारलेली उडी विष आहे.

याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा अमेरिकन फुटबॉलमधला आहे. २०११ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या भांडणामुळे एनएफएलच्या क्लबांना महिनोन्‌महिने कुलूप होते. खेळाडू आपापल्या घरी, क्लबच्या ट्रेनरपासून दूर. कुलूप उघडले, घाईघाईने शिबिरे सुरू झाली आणि पहिल्या १२ दिवसांत १० जणांची अकिलीस शीर तुटली. एरवी अख्ख्या वर्षात जेवढ्या तुटत, जवळपास तेवढ्या दोन आठवड्यांत. ट्रेनर तेच होते, व्यायामही तेच होते. मधली पायरी तेवढी गायब होती.

आता अमरावतीच्या छत्री तलावाच्या, वडाळीच्या रस्त्यांवर किंवा अकोल्याच्या वसंत देसाई क्रीडा संकुलात पहाटे जाऊन पाहावे. भरतीची पोरे धावत असतात. पोलिस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत ५० गुण, त्यातले २० मुलांना १६०० मीटर धावण्याला. पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत आलात तर पैकीच्या पैकी. जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही. वर्षभर पोरगा शेतात, नाहीतर अभ्यासिकेत बसून असतो. जाहिरात निघते, मैदानी चाचणीची तारीख येते आणि दोन महिन्यांत शून्यावरून सहा-सात किलोमीटर रोज, तेही डांबरावर, दोनशे रुपयांच्या बुटांत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी धरते. पोरे तिला ‘शिन पेन’ म्हणतात, बर्फ लावतात, पट्टी बांधतात, मेडिकलमधून गोळी आणतात आणि धावतच राहतात, कारण थांबले तर वर्ष गेले. हाडाला चीर गेल्याचे कळते तेव्हा चाचणी बहुधा तोंडावर आलेली असते. २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटरच्या धावेत उमेदवारांचे जीव गेले, तेव्हा राज्याला जाग आली आणि अंतर कमी झाले. अंतर बदलले, घाईची तयारी तशीच राहिली.

या पोरांसाठी उपाय सैन्याकडे आहे. इस्रायलच्या सैन्यात रंगरुटांची हाडे मोठ्या प्रमाणावर मोडत असत. तिथल्या डॉक्टरांनी पाव शतक त्यावर काम केले. बूट बदलून पाहिले, औषधे देऊन पाहिली. फरक पडला तो दोन साध्या गोष्टींनी: एकूण चालण्या-धावण्यावर मर्यादा घातली आणि रात्रीची किमान सहा तास झोप सक्तीची केली. हाड मोडण्याचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटले. आपल्याकडे भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या गल्लोगल्ली निघाल्या आहेत आणि पहाटे साडेतीनची शिट्टी ही त्यांच्या जाहिरातीतली अभिमानाची बाब असते.

उन्हाचा मुद्दा वेगळा काढायलाच हवा. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. २०२४ च्या मे अखेरीस तर जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लावून शिकवणी वर्गांच्या वेळाही बदलायला लावल्या. मुलांची उन्हाळी शिबिरे नेमकी याच महिन्यांत असतात, कारण सुट्टी तेव्हाच असते. अकरा महिने मोबाइल घेऊन बसलेला मुलगा पहिल्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ दोन सत्रे करतो. यात शिबिर घेणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पालकांचाही असतो. उडी मात्र तीच.

कबड्डीत आणखी एक गुंता आहे. गावचा सराव मातीवर, अनवाणी. स्पर्धा मॅटवर, बूट घालून. मातीत पाय घसरतो, त्यामुळे गुडघा वाचतो. मॅटवर बूट पकडून ठेवतो, शरीर वळते आणि गुडघ्यातला अस्थिबंध तुटतो. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आल्यापासून प्रत्येक तालुक्याच्या स्पर्धेत मॅट हवीच असा हट्ट झाला. सरावासाठी मॅट घ्यायला मात्र पैसे नसतात. सिमेंटवर बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींचे गुडघे आणि घोटे याच रांगेतले. इथे दोष सरावाच्या प्रमाणाचा कमी आणि जागेचा अधिक.

सरावाची पद्धत बदलणे हेही स्वतःच एक ओझे असते, हे भारतीय क्रिकेट संघानेच अलीकडे अनुभवले. २०२५ मध्ये एड्रियन ले रू ट्रेनर म्हणून परत आले आणि ‘ब्रॉन्को’ चाचणी आली: २०, ४० आणि ६० मीटर जाऊन परत येण्याच्या फेऱ्या पाच वेळा, न थांबता, एकूण १२०० मीटर. रविचंद्रन अश्विनने तेव्हा जाहीरपणे सावध केले, की ट्रेनर बदलला की व्यायामाचा आराखडा बदलतो, खेळाडूला त्रास होतो आणि त्यातून दुखापतीही होऊ शकतात. अश्विनचे म्हणणे वादासाठी वाद नव्हते. नवा ट्रेनर जुन्यापेक्षा हुशार असू शकतो. खेळाडूचे स्नायू मात्र जुन्या ट्रेनरच्या सवयीचे असतात.

मग विश्रांती द्यावी का? एनबीएने तोही प्रयोग करून पाहिला. कवाय लिओनार्ड या ताऱ्याला टोरांटो संघाने २०१८-१९ मध्ये ८२ पैकी ६० साखळी सामनेच खेळवले आणि विजेतेपद मिळवले. मग प्रत्येक क्लब ताऱ्यांना बसवू लागला, तिकीट काढून आलेले प्रेक्षक चिडले. लीगने २०२३-२४ पासून मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट घातली. नुसते सामने चुकवल्याने दुखापती घटतात असे आमच्या आकड्यांतून दिसत नाही, अशी भूमिका तेव्हा लीगचे अधिकारी जो डुमार्स यांनी मांडली. लीगला टीव्हीचे पैसे हवे असतात, त्यामुळे या विधानाकडे थोडे संशयाने पाहायला हरकत नाही. तरी ते वर सांगितलेल्या गोष्टीशी जुळते. बसवून ठेवलेला खेळाडू परत येताना पुन्हा उडीच मारतो.

उलट बाजूने जसप्रीत बुमराह. २०१९ पासून त्याची पाठ कुरकुरते आहे, २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने दीडशेहून अधिक षटके टाकून ३२ बळी घेतले आणि सिडनीच्या शेवटच्या डावात तो मैदानाबाहेर होता. त्या दौऱ्यात त्याला इतका पिळला तो ट्रेनरने नव्हे, संघाच्या गरजेने. पाच कसोटींच्या मालिकेचे वेळापत्रक कोणताही फिजिओ ठरवत नाही.

सरावाच्या बाजूने साक्ष द्यायला आणखी बरेच काही आहे. फुटबॉलसाठी फिफाने तयार केलेल्या वीस मिनिटांच्या ‘११ प्लस’ या तयारीच्या व्यायामाने नॉर्वेतल्या मुलींच्या गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्याला यंत्र लागत नाही, जिम लागत नाही. उडी मारून गुडघा आत न झुकू देता कसे उतरायचे, अशा साध्या गोष्टी शिकवायच्या असतात. अमरावतीच्या कोणत्याही शाळेच्या पटांगणात हे उद्या सुरू करता येईल. लहान वयात एकाच खेळाला जुंपू नये याचाही पुरावा बास्केटबॉलमधूनच आला. २००८ ते २०१५ दरम्यान एनबीएच्या पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूंपैकी शाळेत एकाहून अधिक खेळ खेळलेल्यांत मोठ्या दुखापती २५ टक्क्यांना झाल्या, एकच खेळ खेळलेल्यांत ४३ टक्क्यांना. एनबीएनेच २०१६ मध्ये पालकांना सांगितले, की १४ वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळात अडकवू नका. आपल्याकडे आठव्या वर्षी अकादमीची फी भरणारा बाप हे ऐकायच्या मनःस्थितीत नसतो.

सगळे पुरावे समोर ठेवले तर प्रशिक्षकाला निर्दोष सोडता येत नाही, पण मुख्य आरोपीही ठरवता येत नाही. चुकीची शैली दुरुस्त न करणे, दुखते म्हणणाऱ्याला ‘नाटक करू नको’ म्हणणे, उन्हात पळवणे हे गुन्हे त्याचे. वेळापत्रक, भरतीच्या जाहिरातींची अनिश्चितता, सिमेंटचे कोर्ट आणि एका मुलावर चार संघांचा हक्क हे गुन्हे संघटनांचे आणि सरकारचे. आणि कोणाकडेच एकूण बेरीज नसणे हा सगळ्यांचा मिळून.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने ही बेरीज नियमांत आणली आहे: १३ वर्षांखालील वेगवान गोलंदाजाने एका स्पेलमध्ये पाच आणि दिवसात दहाच षटके टाकायची, १५ वर्षांखालील मुलाने सहा आणि बारा. मर्यादा संपली की मुलगा क्षेत्ररक्षणाला जातो. अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हा संघटनांना यासाठी ना स्टेडियम बांधायचे आहे ना निधी आणायचा आहे. सोळा वर्षांखालच्या प्रत्येक गोलंदाजाच्या नावाने येत्या हंगामापासून एक वही उघडावी, त्यात नेटमधले चेंडूही मोजावेत, आणि शाळा, क्लब, जिल्हा व विदर्भ यांपैकी तो कुठेही खेळायला गेला तरी ती वही पाहिल्याशिवाय त्याच्या हाती नवा चेंडू देऊ नये.